रिकाम्या ताटाची नोंद

१२ जानेवारी

आत्या,

परवा सकाळी मी एका पेल्याची जागा बदलली, आणि त्यावरून तुझी इतकी आठवण आली की आज लिहायला बसलो.

आमच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर एक ड्रायव्हर आहेत. डावी बाजू लुळी पडलेली. पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या हाताला ठेवलेला. भरलेला, झाकलेला, स्वच्छ. तीन दिवस कुणीतरी तो भरत होतं आणि कुणीतरी संध्याकाळी ओतून देत होतं. नोंदींच्या टॅबवर ‘पाणी दिले’ अशी खूणही होती. मी पेला उचलला आणि उजवीकडे ठेवला. त्यांनी तो घेतला, एका दमात संपवला आणि म्हणाले, “ब्रदर, अजून एक.”

मला तुझ्या नर्सिंगच्या दिवसांतली पिवळी वही आठवली. ‘पाणी उशाशी ठेवलं म्हणजे दिलं असं नाही, हात पोचतो का ते बघावं.’ गावची शाळा संपवून मी तुझ्याकडे आलो तेव्हा भाजी निवडता निवडता तू माझ्याकडून हे पाठ करून घेतलं होतंस. तीस वर्षं होतील आता.

आता कामाचं. आमच्या मेट्रनबाईंनी मला एक जबाबदारी दिली आहे. पुढच्या महिन्याच्या शेवटी चाळीस नव्या नर्स येणार आहेत, त्यांच्यासमोर अर्धा तास बोलायचं. विषय त्यांनीच ठरवला: शुश्रूषेवरचं जुनं लिखाण आणि आजचा रुग्ण. नीट जमलं तर मला शिकवायच्या कामावर घेतील असं त्या सुचवून गेल्या. मला लोकांसमोर बोलायची सवय नाही, तुला माहीतच आहे. शिवाय खरं सांगू का, मनात शंका आहे. ती वही लिहिली तेव्हा ना मॉनिटर होते ना सलाईनचे पंप. आता मशीनच सगळं सांगतं. या मुलींना मी पेल्याच्या गोष्टी सांगू?

तरी वही पाठवशील का? तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे. नाहीतर हे सगळं मी दोन वाक्यांत उरकलं असतं.

रोज सकाळी ड्युटीवर निघण्याआधी पाच मिनिटं हात जोडून बसतो. त्यात तुझं नाव असतंच.

तुझा
गप्प्या


१९ जानेवारी

गप्प्या,

पत्र पोचलं. नातवाने वाचून दाखवायचा हट्ट धरला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, वरच्या मजल्यावरच्यांना तुझी खुशाली कळली, आणि मला काहीच कळलं नाही. मग चष्मा लावून माझं मीच वाचलं.

वही एकदम पाठवणार नाही. मी ओळखते तुला. दोन दिवसांत पाठ करशील, भाषण ठोकशील आणि वही कपाटात घालशील. औषधासारखी देईन, थोडी थोडी.

तुला तिची गोष्ट अर्धीच माहीत आहे. आमच्या हॉस्पिटलच्या पहिल्या मेट्रनबाईंनी, शंभर वर्षं तरी झाली असतील, हाताखालच्या मुलींसाठी ती लिहिली. छापली कधीच नाही. प्रत्येक नव्या मुलीने आपल्या हाताने नक्कल करून घ्यायची, अशी पद्धत. माझी नक्कल माझ्या सीनिअरच्या नकलेवरून केलेली. एकूण पानं सत्तावीस. शेवटच्या पानांबद्दल नंतर कधीतरी.

तुझी शंका वाचली. अरे, मशीन सांगेल की नाडी शंभर आहे. ती तापाने शंभर आहे, की घरून कुणी आलं नाही म्हणून, की मघाशी तुमच्यातल्या कुणीतरी सलाईनचा स्टँड दाणकन आपटला म्हणून, हे मशीनला कोण विचारणार? त्या बाईंकडे मशीन नव्हतं म्हणून त्यांना बघावं लागलं. तुमच्याकडे आहे म्हणून तुम्ही बघायचं सोडलंत. बाकी माणूस तोच आहे, तितकाच दुखतो.

आजचा डोस:

‘दारात उभं राहून विचारपूस करू नये. रोग्याला आपली घाई दिसते, आणि तो “बरं आहे” म्हणून आपल्याला मोकळं करतो.’

‘चादर बदलताना माणूस उचलावा, ओढू नये. ओढलेली कातडी आठ दिवसांनी बोलते.’

‘उद्या काय करणार आहोत ते रोग्याला आज सांगावं. अंदाज करत पडून राहण्यासारखं दुखणं नाही.’

एक आठवडा करून बघ आणि कळव. न करता कळवू नकोस.

आत्या


२८ जानेवारी

आत्या,

डोस घेतला. परिणाम सांगतो.

दारातून विचारायचं सोडलं. आता खाटेजवळ स्टूल ओढून बसतो. पहिल्या दिवशी तिघांनी विचारलं, “ब्रदर, काही वाईट निघालं का?” आमचं बसणंसुद्धा लोकांना अपशकुनासारखं वाटतं, इतकी आम्ही उभ्याने बोलायची सवय लावली आहे. तिसऱ्या दिवशी मात्र पाच नंबरच्या शिंप्याने आपणहून सांगितलं की टाच दुखते. बघितलं तर टाच लाल झाली होती. आणखी दोन दिवसांनी जखम झाली असती. मॉनिटर शांत होता. टाचेला कुठे वायर लावलेली असते!

नऊ नंबरला एक घड्याळवाले आजोबा आले आहेत. साखरेचा जुना आजार, पायाला जखम. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. आल्याआल्या त्यांनी वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे सात मिनिटं मागे आहे. तुमच्याकडे मरणालासुद्धा उशीर होत असेल.” दुसऱ्या दिवशी मला स्टुलावर चढवून ते खाली काढायला लावलं आणि मांडीवर घेऊन दुरुस्त केलं. त्यांच्या बोटांकडे बघत राहावं. ते कधी जेवतात, कधी दोन घास खाऊन ताट सारतात. म्हणून डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे की इन्सुलिन जेवणानंतर द्यायचं, किती खाल्लं ते बघून.

शेजारी दहा नंबरच्या पेशंटची बायको दिवसभर बाकावर बसून असते. फार लांबून आली आहे, कुणाशी बोलत नाही. आजोबा तिला घड्याळाच्या गमती सांगतात.

आमच्या सिस्टरही त्यांच्यावर खूश आहेत. त्या पस्तिशीच्या असतील, कंत्राटावर आहेत, घरी आजारी आई. कामाला वाघीण. वॉर्डात टॅब एकच. सकाळी सिस्टर आपलं नाव घालून तो उघडतात आणि दिवसभर आम्ही सगळे त्यावरच नोंदी करतो. पुन्हा पुन्हा नाव घालायला वेळ कुणाला आहे? जेवणाची नोंद माझ्याकडे. ताटं गोळा करता करता ‘पूर्ण, अर्धे, नाही’ यांवर टिचक्या मारतो. सव्वीस खाटा, दोन मिनिटांत वॉर्ड संपतो. तुमच्या काळी याला अर्धा तास लागत असेल.

भाषणात शिंप्याची टाच नक्की घेणार. पुढचा डोस पाठव.

तुझा
गप्प्या


४ फेब्रुवारी

गप्प्या,

शिंप्याच्या टाचेबद्दल शाबास. पण ‘दोन मिनिटांत वॉर्ड संपतो’ हे वाचून जीव कसनुसा झाला. सुनेने विचारलंही, “काय झालं? पत्रात काही वाईट आहे का?” मी म्हटलं, “नाही, भाचा हुशार झालाय.”

आम्हाला अर्धा तास लागायचा हे खरं. त्या अर्ध्या तासात आम्ही जेवताना बघत असू. कोण चावताना एका बाजूने चावतो, कोणाला गिळताना ठसका लागतो, कोण पाव उशीखाली ठेवतो. आज दुसरं काही पाठवत नाही. एकच ओळ. ती मोठ्या अक्षरात लिहून वॉर्डात लाव:

‘रोगी काय जेवला हे ताटाला विचारू नये.’

उत्तर लवकर दे.

आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला. इकडे वॉर्डात एक प्रकार घडला आहे.

सात तारखेची गोष्ट. दुपारी साडेबाराला जेवणं झाली. एक वाजता सिस्टरांनी टॅबवर बघून घड्याळवाल्या आजोबांना इन्सुलिन दिलं. अडीचच्या सुमाराला दहा नंबरची बायको ओरडली. आजोबा घामाने भिजले होते, भलतंच बोलत होते. सिस्टर औषधांच्या खोलीतून पळत आल्या, तोवर ते उठायला गेले आणि पडले. साखर फारच उतरली होती. डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज दिलं, वीस मिनिटांत आजोबा ताळ्यावर आले. पण पडताना उजवं मनगट मोडलं.

मग ती बाई रडायला लागली. म्हणाली, आजोबांनी त्यांचं सगळं जेवण तिला दिलं होतं. ती दोन दिवस उपाशी आहे हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आजोबांनी ते ओळखलं. तिने बाकावर पाठ फिरवून खाल्लं आणि ताट परत त्यांच्या खाटेवर ठेवलं.

टॅबवर ‘पूर्ण’ अशी नोंद होती. डॉक्टरांनी विचारलं, कुणाची नोंद. नाव सिस्टरांचं होतं. सिस्टर म्हणाल्या, “मीच केली असेल, सर. मला आठवत नाही.” दुसऱ्या दिवसापासून त्यांना घरी बसवलं आहे. चौकशी चालू आहे. कंत्राट मार्चअखेर संपतं, पुढे चालू ठेवतील असं दिसत नाही.

भाषण पुढे ढकललं आहे, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मी मेट्रनबाईंना सांगणार आहे की दुसऱ्या कुणाला तरी बघा. तूही वही पाठवायची तसदी घेऊ नकोस. आपल्या बोलण्याने कुणी सुधारतं असं मला वाटत नाही.

वॉर्डातलं घड्याळ आता बरोबर चालतं. त्याच्याकडे सारखं लक्ष जातं. झोप नीट लागत नाही. सकाळी हात जोडले जातात, पण तोंडातून शब्द निघत नाही. वय होत चाललं असेल.

बाकी ठीक.

गप्प्या


२१ फेब्रुवारी

गप्प्या,

वाचून वाईट वाटलं. आजोबांच्या मनगटाचं तर फारच.

तू भाषण टाळू नकोस. असं काही घडलं की माणसाचा धीर सुटतो, मला माहीत आहे. सिस्टरांच्या जागी आपण असतो तर, असं वाटत राहतं. पण तुझं म्हणणं की बोलण्याने कुणी सुधारत नाही, ते मला पटत नाही. हाच प्रसंग सांग ना मुलींना. वहीतली ती ओळ आणि हा प्रसंग. यापेक्षा दुसरं काय सांगायचं असतं? शंभर वर्षांपूर्वी त्या बाईंनी जो प्रश्न विचारला तोच तुमचा टॅब विचारतो, माणसाने किती खाल्लं? प्रश्न जुनाच आहे. फक्त आता उत्तर द्यायला एक बोट पुरतं.

तब्येत दाखवून घे. पित्त असेल. बायकोला म्हणावं, त्याचा चहा कमी कर.

आत्या

ता. क. २२ तारीख, सकाळ. वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं. तुझं पत्र काल झोपताना आणि आज उठल्यावर पुन्हा वाचलं. त्यात त्या दुपारी कोण कुठे होतं ते सगळं आहे. सिस्टर औषधांच्या खोलीत, ती बाई बाकावर, डॉक्टर नंतर आले. सव्वीस खाटांचा वॉर्ड मला डोळ्यांपुढे दिसतो.

तू कुठे होतास, ते त्यात नाही.

आणि अठ्ठावीस जानेवारीच्या पत्रात लिहिलं होतंस, जेवणाची नोंद माझ्याकडे. तेही पत्र माझ्यापाशी आहे.

मी काही म्हणत नाही. चहाचं लिहिलंय ते मात्र खोडते.


९ मार्च

गप्प्या,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. लहानपणी आंबलेलं दूध पिऊन आजारी पडलास तेव्हाही तीन दिवस तोंड उघडलं नव्हतंस. त्यावरूनच तुझं हे नाव पडलं.

सोबत वही पाठवते आहे. सगळी. आता डोस-बिस काही नाही.

शेवटच्या पानांचं सांगायचं राहिलं होतं, ते सांगते. पहिली एकोणीस पानं मेट्रनबाईंची. पुढची आठ आमची, नक्कल करणाऱ्या मुलींची. पद्धत अशी होती की नोकरीत कधीतरी आपल्या हातून जी चूक झाली, तिच्यातून शिकलेली एक ओळ शेवटी लिहायची. कुणाच्या ऐकीव चुकीची नाही, स्वतःच्या. नाव घालायचं नाही. पुढची मुलगी नक्कल करताना त्या ओळीही उतरवून घेई. त्यामुळे कोणती ओळ कुणाची हे कुणालाच माहीत नसतं. त्या बाईंचं लिखाण शंभर वर्षं टिकलं ते त्या फार शहाण्या होत्या म्हणून नाही रे. त्यांनी पुढे कोरी पानं ठेवली म्हणून.

पान सत्तावीस, शेवटची ओळ: ‘आधीचा आकडा बघून पुढचा लिहू नये.’ ती माझी.

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. बाळंतपणानंतरची एक बाई. दर तासाला नाडी मोजायची होती. मी दमले होते, ती शांत झोपली होती, आधीची नोंद बहात्तर होती. मी दारातूनच बघितलं आणि बहात्तर लिहिलं. आतून रक्त जात होतं तिचं. दोन तासांनी ती गेली. माझ्या आकड्याकडे कुणी पाहिलंही नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तुझ्या काकांनाही नाही. आज त्रेपन्न वर्षांनी तुला सांगते आहे.

वहीत ओळ लिहिली तेव्हा वाटलं, आपण मोकळे झालो. नाही झालो. जिथे नाव घालायचं नसतं तिथे लिहिणं सोपं असतं.

माझ्यात आणि तुझ्यात फरक एकच आहे. माझ्या चुकीसाठी दुसरं कुणी घरी बसलं नव्हतं.

शेवटच्या पानावर जागा आहे. ती मी तुला देते. पण आधी तिथे लिहू नकोस. आधी जिथे लिहायला हवं तिथे लिही.

रागावलेली नाही.

आत्या


२० मार्च

आत्या,

आधी काय झालं ते सांगतो, म्हणजे तुला धाकधुकीत वाचावं लागणार नाही. सिस्टर परवा सोमवारी कामावर आल्या. माझी चौकशी सुरू झाली आहे. ती संपेपर्यंत मला चादरींच्या कोठारात बसवलं आहे. शिकवायचं काम मिळणार नाही, वॉर्ड परत मिळेल की नाही ते माहीत नाही. घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, “तरीच जेवत नव्हता. मी ताटं बघत होते ना रोज.” आत्या, तिने तुझी वही कधी वाचलेली नाही.

आता पहिल्यापासून.

तुझी दोन्ही पत्रं बरोबर होती. नोंद मी केली होती. मी ताटांच्या गाडीजवळ होतो. नऊ नंबरचं ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं. मनात आलंही, आज आजोबांनी सगळं खाल्लं, बरं झालं. आजोबा तीन पावलांवर बसले होते. मी त्यांच्याकडे मान वळवली नाही. ‘पूर्ण’वर टिचकी मारली आणि गाडी पुढे ढकलली.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. वाटलं, आता बोलतो. पण त्याआधी सिस्टर “मीच केली असेल” म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. एवढंच असतं तर अजून स्वतःला समजावता आलं असतं. पण संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, “ब्रदर, तुम्ही मला ती नोंद करताना पाहिलंत का हो? मला खरंच काही आठवत नाही.” मी म्हटलं, “माझं लक्ष नव्हतं.” हे मी तुला लिहिलं नव्हतं. हे मी देवासमोरही उच्चारू शकलो नव्हतो.

तुझी वही बारा तारखेला मिळाली. सत्ताविसावं पान वाचलं आणि घरात बसवेना. उठून चालत सुटलो. दोन वेळा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा परत फिरलो. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, “ब्रदर, काही हरवलं का?”

तेराला प्लास्टरच्या खोलीबाहेर आजोबा भेटले. हात गळ्यात बांधलेला. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो आणि सांगून टाकलं की ताट रिकामं बघून ‘पूर्ण’ लिहिणारा मी. ते बराच वेळ प्लास्टरवरचा पांढरा चुरा झाडत राहिले. मग म्हणाले, “मी काही खोटं बोललो नव्हतो. तुम्ही विचारलंच नाहीत.” मी विचारलं, मनगट? म्हणाले, “डॉक्टर म्हणतात बरं होईल. बारीक काम होणार नाही म्हणतात.” त्यांनी मला माफ केलं असं म्हणता येणार नाही. रागावलेही नाहीत. त्यांचा नंबर आला आणि ते आत गेले.

चौदाला सकाळी सिस्टरांच्या घरी गेलो. मनात ठरवून गेलो होतो की त्यांची नोकरी जाणार, त्यासाठी क्षमा मागायची. दोन खोल्यांचं घर. त्यांच्या आई खिडकीशी बसून एकच रुमाल पुन्हा पुन्हा घडी घालत होत्या. मला तीन वेळा विचारलं, “तुम्ही कोण?” तीन वेळा सांगितलं.

मी उभ्या उभ्याच बोललो. सिस्टर ऐकत राहिल्या. मला वाटलं ओरडतील. त्या एकदम खाली बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मी विसरले नव्हते?”

त्यांनी आईकडे बोट केलं. “तिचं असंच सुरू झालं होतं. केलेलं आठवायचं नाही. मी सव्वा महिना रोज रात्री पाढे म्हणून बघतेय, ब्रदर. वॉर्डातल्या सव्वीस जणांची नावं आठवून बघतेय. एक जरी अडलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.”

आत्या, मी फक्त त्यांची नोकरी मोजत होतो.

मी रडायला लागलो. तेव्हा मात्र त्या चिडल्या. “इथे रडू नका. इथे रडून मला काही उपयोग नाही. जा आणि लिहून द्या.” आणि मी दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, “माझ्या नावावर लिहू नका यावेळी.”

तिथून सरळ मेट्रनबाईंकडे गेलो. या वेळी फाटकाशी थांबलो नाही. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि कपाटातून एक छापील फॉर्म दिला. त्यात चौकोन होते: यंत्रातील दोष, संवादातील दोष, कामाचा ताण, इतर. मी म्हटलं, बाई, कोरा कागद द्या. त्यांनी दिला. गावच्या शाळेत पाटीवर लिहायचो तसा एकेक शब्द जपून लिहिला. टॅब सकाळी एकाच्या नावाने उघडतो आणि त्यावर सगळे लिहितात, तेही लिहिलं. जिन्यात सिस्टरांना काय म्हणालो तेही लिहिलं. मेट्रनबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “भाषण तुम्ही करणार नाही, हे कळतंय ना?” मी म्हटलं, “हो. पण वही देतो. कुणीही वाचली तरी चालेल.”

ती कोण वाचणार ते त्यांनी ठरवलं आहे. पुढच्या आठवड्यात नव्या मुलींसमोर सिस्टर वाचणार आहेत. प्रत्येक नव्या मुलीने नक्कल करून घ्यायची, ही अट सिस्टरांनीच घातली. वॉर्डात आता जो नोंद करतो तो आपलं नाव घालून करतो. वेळ जास्त लागतो म्हणून सगळे कुरकुरतात.

आज सकाळी कोठारात, वही सिस्टरांकडे देण्याआधी, शेवटचं पान उघडलं. पाच मिनिटं हात जोडून बसलो. शब्द निघाले. मग तुझ्या ओळीखाली, एक ओळ सोडून, लिहिलं. वेगळं काही सुचलं नाही. चौदा तारखेला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मेट्रनबाईंच्या हातात दिलेल्या कागदावरचं पहिलंच वाक्य पुन्हा उतरवलं:

‘ताट रिकामं होतं, एवढंच मी पाहिलं. माणूस जेवला हे मी पाहिलं नव्हतं, तरी लिहिलं.’

वहीत खाली नाव नाही. कागदावर आहे. वडिलांच्या नावासकट, पूर्ण.